एटीपी संपला, मग हात ताठ कसा?

प्रश्न : मी नीटची तयारी करते. मे महिन्यात आजोबा रात्री दहाच्या सुमारास घरीच वारले. आजीने लगेच त्यांचे डोळे मिटले, हातपाय सरळ केले, हनुवटीखालून पंचा बांधला. पहाटे अमरावतीहून आत्या आली. तिने हात हातात घ्यायला पाहिलं, तर तो लाकडासारखा ताठ. स्नायूंच्या आकुंचनाला एटीपी, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू, लागतो ना? मग तो संपल्यावर स्नायू सैल पडायला हवेत. क्लासमध्ये विचारायचा धीर झाला नाही.
— एक विद्यार्थिनी, नंदनवन, नागपूर

उत्तर : बाळा, मी 31 वर्षं फिजिऑलॉजी शिकवली. विचारायला हवा तोच प्रश्न तू विचारलास.

स्नायूत मायोसिन आणि अ‍ॅक्टिन या प्रथिनांचे तंतू असतात. मायोसिनचं डोकं अ‍ॅक्टिनला धरतं, ओढतं आणि तिथेच चिकटून राहतं. ती पकड सुटते एटीपीचा नवा रेणू येऊन डोक्याला बसला की. मग तो रेणू फुटतो आणि त्या ऊर्जेवर डोकं गलोलीसारखं पुन्हा ताणलं जातं, पुढच्या ओढीसाठी. म्हणजे सैल व्हायलाही एटीपी हवाच. मुलं नेमकी इथेच चुकतात.

एटीपीचा दुसरा खर्च कॅल्शिअमवर. सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे स्नायूपेशीतल्या कॅल्शिअमच्या कोठीत, त्याला परत भरणारा पंपही एटीपीवरच चालतो. श्वास थांबला तरी स्नायूंतला साठा काही वेळ पुरतो, म्हणून आधी अंग सैलच असतं. साठा संपत आला की पंप थांबतो, कॅल्शिअम पाझरून अ‍ॅक्टिनवरच्या ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, जागा झाकून ठेवणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन बाजूला सरकतं, अ‍ॅक्टिनवरच्या जागा उघड्या पडतात. ताणून तयार असलेली डोकी तिथे जाऊन बसतात. सोडवायला मात्र कोणी उरलेलं नसतं.

हा ताठरपणा साधारण 2 ते 6 तासांत पापण्या, जबडा, मान इथे आधी कळतो, मग हातापायांत. सुमारे 12 तासांत सगळं अंग ताठतं. आपल्याकडच्या मे महिन्यात हे लवकर येतं आणि लवकर जातंही, कारण उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होतात. पुढे स्नायूंतली प्रथिनंच तुटू लागतात आणि अंग पुन्हा सैल पडतं.

यात हात फारसा हलत नाही, ज्या स्थितीत असतो तिथेच धरला जातो. जबडा आधी ताठतो, म्हणून पंचा लगेच बांधायचा असतो. आजोबांचे हात पहाटे सरळ होते, ते आजीने रात्रीच सरळ केले होते म्हणून. आत्यालाही हे सांग.