रसायन-शंका : मिथेनची जोडी जुळत का नाही?

प्रश्न : मॅडम, मी सांगलीत एम.एस्सी. करतेय. प्रकल्पासाठी लहान रेणूंच्या जोड्यांची बंधऊर्जा संगणकावर काढतेय. बीथ्रीएलवायपी ही डीएफटी (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी) पद्धत आणि सिक्स-थर्टीवन-जी-स्टार हा बेसिस सेट (इलेक्ट्रॉनांचं वर्णन करणाऱ्या गणिती फलनांचा संच) घेतलाय. पाण्याच्या जोडीची ऊर्जा सातच्या वर येते, पुस्तकात मात्र पाच किलोकॅलरी प्रति मोल आहे. मिथेनची जोडी तर जुळतच नाही, रेणू लांब लांब सरकत जातात. इनपुट पुन्हा पुन्हा तपासलं. कुठं चुकतंय?

उत्तर : तू पाठवलेल्या फाइली मी नीट वाचल्या. इनपुटमध्ये काही चूक नाही. पद्धत आणि बेसिस सेट, दोन्ही या कामाला तोकडे पडताहेत.

आधी आउटपुटमधली एकूण ऊर्जेची ओळ बघ. एका पाण्याची ऊर्जा साधारण उणे ७६.४ हार्ट्री, जोडीची उणे १५२.८च्या आसपास. या दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून तुला हायड्रोजन बंध काढायचाय. हार्ट्री हे ऊर्जेचं एकक. एक हार्ट्री म्हणजे ६२७.५ किलोकॅलरी प्रति मोल, म्हणजे पाच किलोकॅलरी म्हणजे जेमतेम ०.००८ हार्ट्री. तुझा बंध दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर बसलाय. तिथं पद्धतीची बारीकशी त्रुटीसुद्धा बंधाएवढी होते.

आता पाण्याचं. तुझा बेसिस सेट लहान आहे. जोडीत आल्यावर प्रत्येक रेणू शेजारच्या रेणूची फलनं उसनी घेतो आणि आपली ऊर्जा उगाच खाली आणतो. सुट्या रेणूला ही सोय नसते, म्हणून वजाबाकी फुगते. यावरचा उपाय बॉईज आणि बर्नार्डी यांनी १९७०मध्ये दिला, त्याला काउंटरपॉइज दुरुस्ती म्हणतात. सुट्या रेणूची ऊर्जा काढतानाही दुसऱ्याच्या जागी फक्त फलनं ठेवायची. ना केंद्रक, ना इलेक्ट्रॉन. ती करून बघ, सातचा आकडा खाली येईल. त्याहून बरं म्हणजे ऑग-सीसी-पीव्हीटीझेडसारखा मोठा सेट घे. मग ही दुरुस्तीच लहान उरते.

एक सांगून ठेवते. पुस्तकातला पाचाचा आकडा विभवाच्या तळापासून, म्हणजे रेणू अजिबात कंप पावत नाहीत असं धरून मोजलेला आहे. प्रयोगात जोडी तोडायला सुमारे ३.२ किलोकॅलरीच लागतात, कारण रेणूंचं कधीच न थांबणारं किमान कंपन, म्हणजे शून्यबिंदू कंपन, याची ऊर्जा मधे येते. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

मिथेनची गोष्ट वेगळी, आणि मला स्वतःला जास्त जवळची. मिथेनला ना द्विध्रुव, ना हायड्रोजन बंध. तरीही दोन मिथेन सुमारे अर्ध्या किलोकॅलरीने एकमेकांना धरून ठेवतात. एका रेणूतले इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला झुकले की त्याला जुळवून शेजारचेही झुकतात. या विक्षेपण बलाचा हिशोब फ्रिट्झ लंडन यांनी १९३०मध्ये मांडला. त्याची ऊर्जा अंतराच्या सहाव्या घाताने घटते. बीथ्रीएलवायपीत दूरच्या इलेक्ट्रॉनांचा हा मेळ धरलेलाच नाही, त्यामुळे तिथं उरतं फक्त प्रतिकर्षण. म्हणून तुझे रेणू पळताहेत. विक्षेपणाचा हा वाटा भरून काढणारी ग्रिमे आणि सहकाऱ्यांची २०१०ची डी-थ्री दुरुस्ती जोड, इनपुटमध्ये एका शब्दाचं काम आहे. मग ताळ्यासाठी हॉब्झा यांच्या गटाचा २००६चा एस-ट्वेंटीटू संच घे. त्यात पाणी, मिथेन, बेन्झीन अशा २२ जोड्यांच्या ऊर्जा आहेत.

आणि सांगलीत राहून हळदीकडे पाठ फिरवू नकोस! हळदीतल्या कर्क्युमिनच्या ईनॉल रूपात (दुहेरी बंधाच्या कार्बनला ओएच गट जोडलेलं रूप) मध्यभागी एक हायड्रोजन बंध आहे, पण तो एकाच रेणूच्या पोटात. जोडी सोडवून वजाबाकी करायची सोयच नाही. पुण्याचे श्रीधर गद्रे आणि मिलिंद देशमुख यांनी २००६मध्ये रेणूचे तुकडे करून असे बंध मोजायची रीत दाखवली. प्रकल्पाच्या शेवटी ती जरूर वापर. आपल्याच माणसांचं काम आहे आणि फार सुंदर आहे.

प्रश्न : साताऱ्याच्या कॉलेजात शिकवतो. सर्व्हर नाही. साध्या लॅपटॉपवर हे जमेल?

उत्तर : जमेल. अशा आकडेमोडीचं साय-फोर हे सॉफ्टवेअर मोफत आहे, शिक्षणसंस्थांना ऑर्का हे सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. पाणी आणि मिथेनच्या जोड्यांना सीसीएसडी(टी) ही अतिशय अचूक, अव्वल पद्धतसुद्धा लॅपटॉपवर चालते. बेन्झीनच्या जोडीला मात्र ती लावू नका. तिचा खर्च आकाराच्या सातव्या घाताने वाढतो, रेणू दुप्पट झाला की काम १२८ पट. तिथं डी-थ्री जोडलेली डीएफटी वापरा आणि विद्यार्थ्यांना काउंटरपॉइजची वजाबाकी एकदा तरी हाताने करायला लावा.