आजीचा आवाज 'द्यावा लागला' म्हणजे काय?

"ताई, मी २८ वर्षांचा, राहणार कोल्हापूर. दिवसा एका छापखान्यात डिझाइनचं काम करतो. गेले सात महिने रात्री जागून ॲनिमेशनची विनोदी वेब मालिका केली. एक आजी रसवंतीगृह चालवते आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालते, अशी गोष्ट. ती मी आणि माझ्या मित्राने त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, रात्री नऊला शटर पडेपर्यंत बसून रचली. पहिला भाग ६ मिनिटं ४० सेकंदांचा, पाडव्याला यूट्यूबवर टाकला. तीन आठवड्यांत दोन हजारांवर लोकांनी पाहिला, पण प्रतिक्रिया वाचून झोप उडाली आहे. 'तोंड एकीकडे, आवाज एकीकडे.' 'हसायचं कुठं तेच कळेना.' 'आजी कोल्हापूरची का पुण्याची?' 'घुंगरांत काही ऐकू येत नाही.' दाजींनी घरच्या ग्रुपवर 'चांगला प्रयत्न' लिहून हात जोडले. काही जण पुढचा भाग कधी असं विचारतात, पण ते उगाच बरं वाटावं म्हणून असेल. आजीचा आवाज ऐनवेळी मलाच द्यावा लागला. मित्राने आधी दिला होता, पण शेवटच्या पाटीवर 'लेखन'मध्ये त्याला नाव हवं होतं, त्यावरून वाजलं. ते असो. मला वाटतं आपल्या लोकांना ॲनिमेशन म्हणजे लहान मुलांचं, एवढंच ठाऊक. कमेंट बंद करू का? दुसरा भाग करू की सोडून देऊ? लिंक आणि आलेखाचा फोटो सोबत जोडला आहे."

'ते असो' नाही. मला तिथेच थांबायचंय.

पाऊस आला की आडोशाला थांबावं लागतं. एसटी चुकली की चालावं लागतं. तुला आवाज 'द्यावा लागला' नाही. भाग जुळून, रंगून तयार झाल्यावर तू मित्राचा आवाज काढलास आणि त्या जागी आपला घातलास. एवढ्या मोठ्या पत्रात तू ही गोष्ट दोन ओळींत उरकलीस, आणि बाकीच्या सगळ्या पत्रात तिचेच परिणाम मोजत बसला आहेस. तुझ्या प्रेक्षकांना भांडणाचा पत्ताही नाही, तरी त्यांनी ते ओळखलं.

भाग मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा थांबवत थांबवत. आजी पहिल्यांदा बोलते १ मिनिट ५२ सेकंदांवर. गिऱ्हाईक बिनबर्फाचा रस मागतं आणि आजी म्हणते, "बर्फ नको म्हणतोस, मग ग्लास रिकामाच राहील की!" विनोद फक्कड आहे. रसवंतीत बसलेल्या कुणालाही तो लागेल. पण पडद्यावर काय होतं बघ. 'म्हणतोस' म्हटल्यावर आजीचं तोंड मिटतं. ती गिऱ्हाइकाकडे बघते, मग ग्लासाकडे बघते. मी मोजलं, १८ फ्रेम, म्हणजे एकामागून एक १८ चित्रं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाऊण सेकंद. त्यानंतर ओठ उघडतात ते 'मग'साठी. 'म' ओठ मिटल्याशिवाय निघत नाही, म्हणून मिटलेल्या तोंडाचा तो पाऊण सेकंद थेट 'मग'मध्ये उतरतो. हसू त्या पाऊण सेकंदात साठतं. ही जागा तू कागदावर आखून काढलेली नाहीस. तुझा मित्र तिथे थांबला होता म्हणून आजी थांबली.

आता तुझा आवाज ऐक. तू ते वाक्य एका दमात म्हणून टाकलंस. आजीचे ओठ मिटलेले असतानाच 'मग ग्लास रिकामाच' ऐकू येतं, आणि आवाज संपल्यावर तोंड हलायला लागतं. म्हणजे लोकांना विनोद आधी कळतो आणि आजी तो नंतर सांगते. 'हसायचं कुठं तेच कळेना' असं ज्याने लिहिलं, त्याने तुझं काम फार नेमकं पाहिलं आहे.

ॲनिमेशनमध्ये सहसा आवाज आधी रेकॉर्ड करतात आणि चित्र त्यावर बसवतात, ते यासाठीच. तूही तसंच केलं होतंस. मित्राच्या आवाजाची पट्टी टाइमलाइनवर टाकून, लहरी बघून, एकेक तोंड बसवलंस. प, फ, ब, भ, म आले की ओठ मिटलेले, निदान दोन फ्रेम. 'आ'ला जबडा खाली, 'ओ'ला ओठ गोल. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हललेलं चालतं, किंबहुना बरंच दिसतं. उलटं झालं की खटकतं. दूरचित्रवाणीच्या आंतरराष्ट्रीय मोजमापानुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी माणसाच्या लक्षात येतं, मागे राहिला तर १२५ पर्यंत खपून जातो. तुझी एक फ्रेम जवळजवळ ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज एक फ्रेम पुढे गेला की काठावर, दोन गेला की पकडला गेलास. 'मग'च्या जागी तू १८ फ्रेम पुढे आहेस.

पुढची काही वाक्यं तू ताणून बसवायचा प्रयत्न केला आहेस. लांब 'आ' आणि 'ओ'वर जी पत्र्यासारखी घरघर येते ती त्याचीच. एकसारखं ताणल्याने वाक्याची लांबी जुळते, पण थांबे जुळत नाहीत, कारण मित्राचे थांबे वेगळ्या जागी होते. माणसाचा श्वास ताणून दुसऱ्याच्या श्वासावर बसत नाही.

आणि आजी पुण्याची का वाटते? तू कागदावरचं वाचलंस म्हणून. मित्र हे वाक्य नक्की असं म्हणाला असणार: "बर्फ नगं म्हनतोस... मग गिलास रिकामाच ऱ्हाईल की रं!" हे मी पैजेवर सांगते, कारण तू काढलेली तोंडं 'गिलास'ची आहेत. 'गि'साठी एक आणि 'ला'साठी एक असे दोन आकार आहेत, 'ग्लास'ला एकच पुरला असता. छापखान्यात शुद्धलेखन सांभाळण्याची तुला सवय आहे. ती तिथे कामाची आहे, रसवंतीत नाही.

घुंगरांची तक्रारही त्याच रात्रीची. घरचे उठू नयेत म्हणून तू दबक्या आवाजात बोलला असशील आणि नंतर पातळी वाढवली असशील. दबका आवाज मोठा केला तरी तो मोठ्याने बोललेला होत नाही, फक्त खोलीतला पंखा सोबत मोठा होतो. शिवाय चरकाच्या घुंगरांचा नाद नेमका त्या पट्टीत असतो जिथे आपण व्यंजनं ओळखतो, साधारण दोन ते पाच किलोहर्ट्झ. मोबाइलच्या स्पीकरला खालचे स्वर जेमतेम जमतात, त्यामुळे उरतात घुंगरू, आणि आजी त्यात बुडते.

आता तू पाठवलेला आलेख, कितव्या सेकंदापर्यंत किती जण बघत राहिले ते दाखवणारा. पहिल्या तीस सेकंदांना जी गळती आहे ती सगळ्यांच्याच भागांना असते, तिच्याकडे बघू नकोस. त्यानंतर रेघ छान सपाट चालली आहे. गिऱ्हाईक आलं, चरक फिरला, लोक बसून आहेत. घसरगुंडी आहे ती १ मिनिट ५२ ते २ मिनिटं १० यांच्या मधे. आजीने तोंड उघडलं आणि लोक गेले. तुझ्या चित्रांवर, गोष्टीवर, रंगांवर कुणीही उठून गेलेलं नाही.

म्हणून 'आपल्या लोकांना कळत नाही' हे वाक्य मला फार लागलं. ज्या लोकांनी फुकटात तुला चार नेमके दोष काढून दिले, त्यांना तू अडाणी ठरवतोस? तोंड जुळत नाही, थांबा चुकला, बोली चुकली, ऐकू येत नाही. पैसे देऊन बसवलेला परीक्षक याहून जास्त काय सांगणार होता? कमेंट अजिबात बंद करायच्या नाहीत. ज्यांनी मिनिट-सेकंद टाकून लिहिलंय त्यांच्या कमेंट वहीत उतरवून घे. 'पुढचा भाग कधी' विचारणारे तुला बरं वाटावं म्हणून विचारत नाहीत. अनोळखी माणूस असले उपकार करत नाही. त्यांना ती आजी पुन्हा भेटायला हवी आहे. दाजींचे जोडलेले हात तेवढे बाजूला ठेव, त्यातून शिकण्यासारखं काही नाही.

मित्राबद्दल तू लिहिलंस की त्याला 'लेखन'मध्ये नाव 'हवं होतं', जणू त्याने जास्तीचं काही मागितलं. पण गोष्ट दोघांनी दुकानात बसून रचली, हेही तूच लिहिलंस, त्याच पत्रात. तो बोलला आणि तू उतरवलंस. विनोदी लिखाणात बोललेलं वाक्य हेच लिखाण असतं. ते कुणाच्या बोटांनी टाइप झालं हा नंतरचा भाग. दोघांनी मिळून केलेल्या आणि वाटे वेगळे काढता न येणाऱ्या कामाला आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यातही संयुक्त कर्तृत्व म्हणतात. पण मी तुला कायद्याकडे पाठवत नाहीये. मी फक्त एवढंच डोळ्यांसमोर आणते: तीन आठवड्यांपूर्वी कधीतरी, दुकान बंद करून, त्याने तो भाग मोबाइलवर लावला असणार. समोर आजी, जिचं एकेक तोंड त्याच्या श्वासावर काढलेलं, आणि त्यातून तुझा आवाज. पाटीवर त्याचं नाव नाही. तुझी झोप कमेंटनी उडाली, त्याची कशाने उडाली असेल?

तुला बिचारा म्हणायला माझ्याकडे आज शब्द नाहीत. तू गुणी आहेस, ते पाऊण सेकंद ऐकून चित्रात धरणारा डोळा फार कमी लोकांना असतो, आणि म्हणूनच मी रागावले आहे.

दुसरा भाग आत्ता बाजूला ठेव. पहिला भाग मित्राच्या आवाजात पुन्हा लाव. दुसरा रस्ता मी तुला देत नाही. स्वतःच्या आवाजावर तोंडं नव्याने काढायचा विचार मनात आला असेल तर हिशेब कर: आजी मिळून तीनेक मिनिटं बोलते, सेकंदाला १२ चित्रं धरलीस तरी २,१६० तोंडं बसवायची, आणि एवढं करून आजी पुण्याचीच राहणार.

मित्राचं रेकॉर्डिंग मूळ प्रोजेक्टमध्ये बंद करून ठेवलेलं असेल, कुणी आपलं काम सहसा पुसत नाही. ते चालू कर, आपलं काढ, काहीही ताणू नकोस. जुळणी तपासायला प, ब, भ, म एवढीच अक्षरं बघ. ती बसली की बाकीचं बसलेलंच असतं. आजी बोलत असेल तेव्हा घुंगरू १५ डेसिबलने खाली उतरव आणि वाक्य संपल्यावर हळूच वर आण. तो 'मग'च्या आधीचा पाऊण सेकंद मात्र पूर्ण शांत ठेव, चरकसुद्धा थांबू दे. अख्ख्या भागाची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो त्याचं माप) आसपास आण. यूट्यूब जास्त मोठा आवाज आपणहून खाली आणतं, पण लहान आवाज वर उचलत नाही. शेवटी हेडफोन काढून, मोबाइलच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना एकदा ऐक.

मग पाच माणसांना दाखव, ज्यांनी जुना भाग पाहिलेला नाही. त्यांच्या मागे बसायचं. 'आवडला का' असं विचारायचं नाही, कोण कितव्या सेकंदाला हसलं तेवढं टिपायचं. पाचातले तीन जण 'गिलास'वर हसले की टाक.

यूट्यूबवर जुन्या लिंकखाली नवी फाइल बदलून लावता येत नाही, नवा भाग नव्या लिंकनेच जाईल. जुने आकडे मागे राहतील, राहू देत. जुना भाग लगेच काढू नकोस. त्याच्याखाली स्वतःची एक कमेंट पिन करून लिही की आजीचा मूळ आवाज परत आणलाय, नवा भाग इथे आहे. ज्यांनी दोष दाखवले त्यांना एकेकाला उत्तर दे. दोन आठवड्यांनी जुना 'अनलिस्टेड' कर, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल.

पहिला भाग मागे घेण्यात कमीपणा वाटत असेल तर ऐक. 'द सिम्पसन्स' या अमेरिकन ॲनिमेशन मालिकेचा पहिला म्हणून ठरलेला भाग १९८९मध्ये तयार होऊन आला तेव्हा ॲनिमेशन इतकं बिघडलेलं होतं की साधारण ७० टक्के काम पुन्हा करावं लागलं. १७ डिसेंबरला त्याच्या जागी नाताळचा भाग दाखवून मालिका सुरू केली, आणि तो बिघडलेला भाग दुरुस्त होऊन १९९०च्या मे महिन्यात, पहिल्या पर्वाच्या अगदी शेवटी आला.

पण हे सगळं उद्यापासून. यातलं एकही बटण मित्राला विचारल्याशिवाय दाबायचं नाही. तो आवाज त्याचा आहे, आणि आता तो 'नको' म्हणाला तर ते ऐकून घ्यावं लागेल. इथे मात्र 'लागेल' बरोबर आहे.

फोन करू नकोस, मेसेज तर मुळीच नाही. समोर जा. लॅपटॉप घरी ठेव, नाहीतर तू पाचव्या मिनिटाला काम दाखवायला लागशील. 'लोकांना तुझा आवाज हवाय' असंही म्हणू नकोस, त्याचा अर्थ गरज पडली म्हणून आलो असा होतो. एवढंच म्हण: "तुझा आवाज मी रागाच्या भरात काढला. चुकलं माझं. तू हो म्हणालास तर परत लावतो. लेखनात दोघांची नावं, तुझं आधी." नंतर गप्प बस. तुला तो पाऊण सेकंद काढता येतो, आता तो धरूनही बघ, कितीही लांबला तरी. तो हो म्हणाला तर त्याच बैठकीत एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा: नावं कुठे, कोणत्या क्रमाने, उद्या चार पैसे आले तर कसे वाटायचे.

शटर नऊला पडतं म्हणालास. साडेआठला पोहोच.