वरुण आणि उरानोस एकच का?

प्रश्न असा आलाय की आपला वरुण आणि ग्रीकांचा उरानोस मुळात एकच देव का, कारण नावं सारखी वाटतात आणि दोघांचाही आकाशाशी संबंध. माझं उत्तर, बहुतेक नाही. कॉलेजात असताना मीही हे छाती ठोकून चारचौघांत सांगायचो, असो.

आधी पक्की जोडी बघा, वेदांतला आकाशदेव द्यौः आणि ग्रीकांचा मुख्य देव झेउस. कानाला काही सारखे वाटत नाहीत ना? पण संस्कृत आणि ग्रीक ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिच्यातल्या द्य चा ग्रीकमध्ये नियमाने झ होतो, आणि षष्ठी केली की इकडे दिवः तर तिकडे दिओस, म्हणजे रूपं चालवतानाही दोघं हातात हात घालून चालतात. रोमनांचा जुपिटर म्हणजे द्यौष्पितर्, तोही यांच्याच घरचा.

वरुणाचं तसं जमत नाही. 'रु' मधल्या उ च्या जागी ग्रीकमध्ये आ कुठून आला, याला नियम नाही. वर काही ग्रीक बोलींत तोच शब्द 'ओरानोस' असा येतो, त्यावरून र च्या पुढे एक स होता आणि तो गळला असं मानतात. तो स परत बसवला की होतं वोर्सानोस, आणि मग वरुणापेक्षा 'वर्ष' जवळचं दिसायला लागतं, म्हणजे वर्षावातलं वर्ष, पाऊस! उरानोस म्हणजे पाऊस पाडणारा. फ्रेंच अभ्यासक दुमेझिलने १९३४ मध्ये वरुण-उरानोस जोडी जोरात मांडली होती, पण ध्वनींपाशीच घोडं अडलं. गंधर्व आणि केंटॉर (ग्रीकांचे अर्धे माणूस, अर्धे घोडे) ही जोडी पण त्याचीच, तिथेही तीच बोंब: मधुचं ग्रीक मेथु, म्हणजे ध ला थ हवा, आणि केंटॉरोसमध्ये बसलाय साधा त.

आता गंमत म्हणजे नियम मोडला तरी नातं तोडवत नाही अशीही एक जोडी आहे, आपला पावसाचा देव पर्जन्य आणि लिथुआनियाचा विजेचा देव पर्कूनास. ज समोर क बसत नाही, आणि स्लाव लोकांच्या (रशियन वगैरे) विजेच्या देवाच्या नावात, पेरुनमध्ये, तर तो क पण गायब. काहींचं म्हणणं, विजेच्या देवाचं नाव घ्यायची भीती, म्हणून मुद्दाम बिघडवून घ्यायचे. आपल्याकडे रात्री सापाला लांबडं म्हणतात ना, तिथे अख्खा शब्दच बदलतो, इथे एखादा ध्वनी, इंग्रजीत गॉडचं गॉश करतात तसं. ऋग्वेदातला पर्जन्य झाडं मोडत येतो, 'वि वृक्षान् हन्ति', आणि पर्कूनासचं खास झाड ओक. त्यामुळे वरुण मी सोडला, पण पर्जन्य सोडायला मन होत नाही.