प्रसिद्ध फुटबॉलपटूंना खरंच एवढा माज असतो का? स्वतःकडे बघून हसणारा कुणीच नाही?

माज असतो, पण तो बऱ्याचदा मुद्दाम मिरवलेला असतो. स्वीडनचा स्ट्रायकर झ्लाटन इब्राहिमोविच २०१८ साली एलए गॅलक्सी या अमेरिकी क्लबात गेला, तेव्हा 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये पानभर जाहिरात आली: 'डिअर लॉस एंजेलिस, यू आर वेलकम.' म्हणजे कुणी आभार मानायच्या आधीच यानं ते स्वीकारून टाकले! पुढच्याच वर्षी माल्मो या त्याच्या गावात त्याचा पुतळा उभा राहिला. मग त्यानं माल्मोच्या क्लबाचा प्रतिस्पर्धी असलेल्या हम्मारब्यू या क्लबात भागीदारी घेतली आणि चिडलेल्या लोकांनी पुतळ्याचं चक्क नाक कापलं. शेवटी घोट्यातून कापून पुतळाच आडवा केला.

स्वतःवर हसणारा हवा असेल तर इंग्लंडचा स्ट्रायकर पीटर क्राउच बघा. उंची सहा फूट सात इंच, अंगानं काडी. प्रेक्षक चिडवायचे. पण २००६ मध्ये हंगेरीविरुद्ध गोल केल्यावर हा पठ्ठ्या मैदानातच हातपाय ताठ करून रोबोसारखा नाचला. फुटबॉलपटू नसतास तर कोण झाला असतास, असं विचारल्यावर त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं: 'व्हर्जिन'.

मला विचाराल तर स्वतःची नेमकी ओळख दोघांनाही आहे. फक्त झ्लाटन ती विकतो.