आवंढा उतरत नाही

प्रश्न : वय ४६, दापोली तालुक्यात राहते. दोन वर्षं घशात सुपारीएवढं काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. थुंकी गिळताना जास्त, जेवताना जवळजवळ नाहीच. दुर्बिणीने घसा पाहिला, थायरॉइड तपासला, मुंबईला एंडोस्कोपी केली. सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, 'मनाचे खेळ आहेत.' ते फार लागलं. आता कुणी सायकोडायनॅमिक थेरपी सुचवलीय. मला वेड लागलंय का? मनात तसं काही नाही. आई गेल्यावर धाकट्या भावाला मीच वाढवलं. दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला म्हणून माहेरच्या कलमांच्या हक्कसोडपत्रावर सहीसुद्धा आनंदाने केली. अक्षय्यतृतीयेला तो तिथल्या हापूसची पेटी पाठवतो. हल्ली आंबा मात्र घशाखाली उतरत नाही.

उत्तर : ताई, वेड लागलेलं नाही आणि तुमचा गोळा खरा आहे. अन्ननलिकेच्या तोंडाशी स्नायूंचं कडं असतं. ते आवळलेलं राहिलं की असंच वाटतं. जेवताना बरं वाटणं हेही त्यातलं ओळखीचं लक्षण. (पुढे अन्नच अडकू लागलं किंवा वजन उतरलं, तर पुन्हा घशाच्या डॉक्टरांकडेच जायचं.) खेळ कसला? हुंदका आवरताना घसा दुखतो, तो काय खोटा दुखतो?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'सहीसुद्धा' यातला 'सुद्धा' मनातून जाईना. दुखणं दोन वर्षांचं, सहीही दोन वर्षांपूर्वीची. पत्रावरून निदान करू नये, मी करत नाही. पण चिपळुणात माझ्यासमोर बसून सहीच्या कागदाबद्दल सांगताना हसणाऱ्या बहिणी मी पाहिल्या आहेत. हसता हसता त्या आवंढा गिळतात.

सायकोडायनॅमिक थेरपी म्हणजे मनात दाबलेल्या भावना बोलत बोलत ओळखण्याचा उपचार. त्याचं मूळ एका जुन्या हकिगतीत आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर ब्रॉयर १८८० ते १८८२ या काळात एका तरुणीवर उपचार करत होते. तहानेने जीव कासावीस होई, तरी सहा आठवडे तिला पाणी पिता येईना. फळांवर राहिली. मग संमोहनात तिला आठवलं : सोबतीला असलेल्या बाईचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला होता. किळस आली, पण सभ्यपणापायी ती गप्प बसली. तो राग बोलून दाखवला आणि ती पाणी प्यायली. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी ही हकिगत १८९५मध्ये छापली. तिची बाकीची दुखणी मात्र तेवढ्याने संपली नाहीत, नंतरही तिला उपचारगृहात राहावं लागलं. हे मुद्दाम सांगते, कारण एका बैठकीत चमत्कार होईल अशी आशा धरून जाऊ नका.

आताच्या थेरपीत संमोहन नसतं. आठवड्यातून एकदा, साधारण ५० मिनिटं बोलायचं. माँट्रियलचे मानसोपचारतज्ज्ञ हबीब दावनलू यांनी बैठकांचं चित्रीकरण करून ते बारकाईने पाहिलं. दाबलेली भावना वर येऊ लागली की आधी शरीर सांगतं : कुणाच्या मुठी वळतात, कुणी लांब उसासे टाकतं, कुणाच्या पोटात मुरडा येतो. थेरपिस्ट तिथेच थांबवून विचारतो, 'आत्ता घशात काय झालं? भावाबद्दल काय वाटतंय?' तुम्ही म्हणाल, 'काही नाही, लेकरासारखा आहे.' अवघड आहे ते हेच. परक्यावर चिडता येतं. ज्याला कडेवर खेळवलं त्याचा राग आला, तर आपली मायाच खोटी होती की काय अशी भीती वाटते, आणि राग गिळला जातो. त्याच माणसाबद्दलची माया आणि राग एकाच वेळी जाणवले तरी सोसता यावेत, यासाठी तिथे बसायचं. भावाशी भांडा असं कुणी सांगणार नाही. बागेच्या हक्काचं वकिलाला विचारा.

दापोलीत असा थेरपिस्ट मिळणं कठीण, पण ऑनलाइन बोलता येतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलतात. कुठे जायचं ते तिथेही विचारता येईल.

तोवर एक वही ठेवा. भावाचा फोन आला की घसा नेमका कधी आवळतो ते लिहा : त्याचा आवाज कानावर पडताच, की 'यंदा मोहोर चांगला आलाय' असं तो म्हणतो तेव्हा?