वाचक विचारतात : सॅल्मनसाठी रॉड घ्यायचाय, पण खिसा बघून

प्रश्न : लेक-जावई सिअ‍ॅटलला असतात, सप्टेंबर-ऑक्टोबर तिकडे जातोय. इथे बॅन्डस्टँडच्या खडकांवर बरीच वर्षं गरवतो पण फ्लाय रॉड, म्हणजे पिसा-धाग्याचं नकली आमिष (फ्लाय) फेकायचा रॉड, कधी हातात धरलेला नाही. सॅल्मन आणि स्टीलहेडसाठी सामान घ्यायचंय, बजेट पन्नास हजार. जावई म्हणतो बाबा, घ्यायचाच तर दोन हातांचा स्पे रॉड घ्या. काय करू?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : जावईबापूंचा मान ठेवून सांगतो, स्पे रॉड आत्ता नको. बारा-तेरा फुटांचा तो रॉड मोठ्या नदीत भारीच काम करतो, मागे झाडी असली तरी कास्ट (फेक) होते, हे सगळं खरं, पण त्याची लाइन (दोरी) वेगळी, तिच्या टोकाला जोडायचे तुकडे म्हणजे टिप्स वेगळ्या, टेक्निक वेगळं, आणि तुम्ही शिकेपर्यंत व्हिसा संपेल. नऊ फुटी, चार तुकड्यांचा, एका हाताचा 8 वेटचा, म्हणजे 8 नंबरच्या लाइनसाठी बनवलेला रॉड घ्या. कोहो सॅल्मन आणि स्टीलहेड (समुद्रात जाऊन परत येणारा रेनबो ट्राउट) दोघांना हाच नंबर चालतो, पिंक सॅल्मनला थोडा जड पडेल पण बिघडत नाही. मोठ्या चिनूक सॅल्मनसाठी 10 वेट लागतो, तो पहिल्या वर्षी सोडून द्या, सरळ सांगतो.

आता पैसे कुठे घालायचे ते बघा, कारण इथेच बहुतेक जण उलटं करतात, रॉडवर सगळे उडवतात आणि लाइन फुकटातली लावतात. बॅन्डस्टँडला तुम्ही शिसं लावून फेकता तेव्हा ते शिसं दोरीला ओढून नेतं, इथे फ्लायला वजनच नसतं, जे काय वजन आहे ते लाइनचं, रॉड वाकतो तो लाइनमुळे. 8 नंबर म्हणजे लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन 210 ग्रेन, साधारण साडेतेरा ग्रॅम. म्हणून रॉड मधला घ्या आणि लाइन चांगली घ्या. एक वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग (वजन पुढच्या भागात असलेली, तरंगणारी) लाइन, आणि नंतर जमलं तर पुढे जोडायची एखादी सिंक-टिप (बुडणारा तुकडा), कारण मासे बऱ्याचदा तळाशी असतात.

रेडिंग्टन, एको, ऑर्व्हिसचा क्लिअरवॉटर, टेम्पल फोर्क, यातल्या कोणाचाही सुरुवातीच्या रेंजमधला रॉड बिनधास्त घ्या. रॉड-रील-लाइन एकत्र असलेले सेट साधारण दोनशे ते चारशे डॉलरमध्ये मिळतात. वॉरंटी मात्र वाचून घ्या, रॉड माशाने मोडण्यापेक्षा गाडीच्या दारात सापडून जास्त मोडतात.

रील. ट्राउटवाले म्हणतात रील म्हणजे फक्त दोरी ठेवायचा डबा, ट्राउटपुरतं ते ठीक आहे. इथे मासा आठ-दहा पौंडाचा आणि प्रवाहाबरोबर पळणारा, तेव्हा डिस्क ड्रॅग (सुटणाऱ्या दोरीला लागणारा ब्रेक) हवाच आणि आत वीस पौंडी बॅकिंग (लाइनच्या मागची राखीव दोरी) दीडशे-दोनशे यार्ड बसलं पाहिजे. यापेक्षा महाग रीलने मासा जास्त लागत नाही, फोटो चांगला येतो एवढंच 😄

लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक धागा, नऊ फुटी, दहा-बारा पौंडी. सिंक-टिप लावली तर तीन-चार फूट सरळ नायलॉन पुरतं, नाहीतर लाइन खाली आणि फ्लाय वर तरंगत बसते. फ्लाय दहा-बारा पुरे : वूली बगर, क्लाउझर, एखादी एग-सकिंग लीच, गुलाबी, जांभळा, काळा असे रंग. नदीत शिरलेला सॅल्मन खाणं जवळपास बंद करतो, चिडून किंवा सवयीने तोंड मारतो, त्यामुळे शंभर पॅटर्न घेऊन फायदा नाही. विषम साली, म्हणजे 2025, 2027 असं, तिकडे पिंक सॅल्मन लाखोंनी येतात, तुमचं साल तसं असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांच्यावरच हात साफ करून घ्या. पुढे कोहो. स्टीलहेडच्या भरवशावर मात्र एक डॉलरही जास्त घालू नका, तिकडचे लोकच त्याला हजार कास्टचा मासा म्हणतात, आणि मुख्य हिवाळी सीझन तुम्ही परत आल्यावर सुरू होतो.

लायसन्स आणि सॅल्मन-स्टीलहेडचं कॅच रेकॉर्ड कार्ड (पकडलेल्या माशांची नोंद करायचं), हा खर्च बजेटमध्ये आधीच धरा. गळाचा काटा दाबून टाका, बऱ्याच नद्यांवर बार्बलेसच लागतो. पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर कापलेला नसेल तर तो स्टीलहेड जंगली, पाण्याबाहेर न काढता सोडायचा. कुठली नदी कधी उघडी ते दर वेळी निघायच्या आधी तपासा, मध्येच बंद करतात.

प्रश्न : वेडर्सचे, म्हणजे पाण्यात उतरायच्या त्या वॉटरप्रूफ पँटचे, भाव बघून घाम फुटला. माथेरानला घालतो ती रेनकोटची पँट आणि पावसाळी बूट चालतील का?
— मुलुंड

उत्तर : नाही चालणार. ते पाणी बर्फ वितळलेलं असतं, अर्ध्या तासात पाय बधिर होतात, आणि शेवाळी गोट्यांवर पाय बधिर असणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. साधे ब्रीदेबल वेडर्स घ्या, आत लोकरीचे मोजे, कॉटन अजिबात नको. बूट एक नंबर मोठे, रबरी तळव्याचे, जमलं तर खिळे लावलेले. आणि कमरेचा पट्टा! पडलात तर वेडर्समध्ये पाणी भरतं ते पट्टाच थोपवतो. पैसे कमी पडत असतील तर रॉड स्वस्त घ्या, बुटात काटकसर करू नका. पोलराइज्ड गॉगल इथूनच न्या, तळ दिसतो आणि डोळ्याला गळ लागत नाही.

प्रश्न : जायच्या आधी मुंबईत प्रॅक्टिस कुठे करायची?
— दादर

उत्तर : शिवाजी पार्क आहे की घरासमोर. सकाळी क्रिकेटवाले यायच्या आत, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, गवतावर. लोक थांबून बघतील, काका काय करताय विचारतील, लक्ष देऊ नका. पाण्यावरच करायची असेल तर पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे नियम विचारून घ्या, आणि तलावात मगरी आहेत तेव्हा पाण्यात उतरायचा मोह नको.

प्रश्न : परत आल्यावर हे सगळं माळ्यावरच जाणार ना? बायकोचा हाच मुद्दा आहे.
— ठाणे

उत्तर : वहिनींना सांगा, 8 वेट हाच नंबर इथे महसीरला चालतो, खाडीतल्या जिताड्याला आणि तांबोशीलाही चालतो. वेडर्स तेवढे माळ्यावर जातील, ते मान्य. खाऱ्या पाण्यातून आलात की रील गोड्या पाण्याने धुवायची, ड्रॅग सैल करून ठेवायचा. लाइन मात्र दुसरी घ्यावी लागेल, थंड पाण्यासाठी बनवलेली लाइन आपल्या उकाड्यात लिबलिबीत होऊन रॉडच्या कड्यांना चिकटते. ट्रॉपिकल लिहिलेली घ्या, आणि ती तिकडूनच येताना बॅगेत टाका.