सोलेनॉइड बदलण्याआधी दाराशी व्होल्टेज मोज

कुपवाड एमआयडीसीतल्या त्या बाहेर पडायच्या दाराचं (आडवा दांडा दाबून किंवा विजेच्या बटणानं उघडणाऱ्या) बटण दाबलं की 'टक' आवाज येतो, पण लॅच, म्हणजे चौकटीत अडकणारी खिटी, आत जात नाही, असं तू लिहिलंयस. मग सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळाली की लॅच आत ओढणारी तारेची कॉइल, जळालं असण्याची शक्यता कमीच. जळून तुटलेली कॉइल आवाजच करत नाही. नवी पोरं इथंच चुकतात: आधी महागडा पार्ट मागवतात आणि मग मीटर काढतात.

पॉवर सप्लायवर २४ व्होल्ट दिसले म्हणून निर्धास्त होऊ नकोस. दाराशी मोज, आणि तेही बटण दाबलेलं असताना. लॅच ओढणारं मोठं सोलेनॉइड पहिल्या क्षणी १६ अँपिअरपर्यंत करंट खेचू शकतं. नंतर धरून ठेवायला अगदी थोडा पुरतो. १ चौरस मिमीची तांब्याची तार ३० मीटर लांब नेली, तर जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे साधारण १ ओहम. त्यातून पूर्ण १६ अँपिअर न्यायचे तर १६ व्होल्ट वाटेतच जातील! सीसीटीव्हीचा २ अँपिअरचा अडॅप्टर तर अशा दाराला जोडूच नकोस.

सध्या एवढंच कर:
- सप्लाय बंद करून, तारा सोडवून थेट कॉइलच्या टोकांवर ओहम बघ.
- बिजागरीजवळची तार दार हलवत तपास. तिथं ती आतून तुटते.
- वीज बंद असताना दांडा दाबून दार उघडतंय ना, हे प्रत्येक वेळी बघच. आग लागली तर कामगार तिथूनच बाहेर पडणार आहेत.

डायोड, टायमर नंतर बघू. आधी दाराशी किती व्होल्ट आले ते कळव.